नवरा बाहेर गुंतला की प्रश्न बायकोलाच का?

आमच्या घरातली एक हकिकत आहे. रत्नागिरी जिल्ह्यातलं गाव, साल १९७० च्या आगेमागे. माझ्या वडिलांचे चुलतभाऊ परळला एका कापड गिरणीत होते. गणपतीला आणि शिमग्याला गावी यायचे. मुंबईत त्यांनी एका बाईबरोबर बिऱ्हाड केलंय ही बातमी गावात पोचली, तेव्हा भावकी पडवीत बसली. काकीला माजघराच्या दारापर्यंत बोलावलं आणि घरातल्या सर्वांत वडीलधाऱ्या माणसाने तिला विचारलं, "तुझं काय कमी पडलं गं?"

काका तिथेच बसले होते. त्यांना कुणी काही विचारलं नाही.

आईनं मला हे सांगितलं त्याला बरीच वर्षं झाली. पण विवाहित पुरुषांच्या बाहेरच्या संबंधांविषयी कुठेही बोलणं निघालं की मला ती पडवी आठवते, कारण आपण आजही तिथेच बसलेले असतो. ठरलेली तीन उत्तरं निघतात. 'पुरुषाची जातच तशी.' 'बायकोचं लक्ष नसेल.' 'त्या बाईनं नादी लावलं.' पहिलं उत्तर निसर्गावर ढकलतं, उरलेली दोन एकेका बाईवर. ज्या समाजात हा पुरुष वाढला, कमावता झाला, बोहल्यावर चढला, त्याचं नाव कशातच येत नाही.

एक गोष्ट आधीच स्पष्ट करते. कारण सांगणं म्हणजे माफी देणं नव्हे. एकाच चाळीत, एकाच पगारावर, तितक्याच एकटेपणात राहणारे दोन पुरुष असतात. एक बाहेर गुंततो आणि दुसरा गुंतत नाही. निर्णय ज्याचा त्याचाच असतो. पण उतार कुणाच्या बाजूने केलेला आहे, एवढं तरी पाहायला हवं.

आधी आकडा बघू. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाची पाचवी फेरी २०१९ ते २०२१ या काळात झाली. गेल्या बारा महिन्यांत, जी व्यक्ती आपली जोडीदार नाही आणि आपल्यासोबत राहतही नाही, अशा कुणाशी शरीरसंबंध आला का, असा त्यात प्रश्न होता. 'हो' म्हणणारे पुरुष सुमारे ४ टक्के, आणि स्त्रिया ०.५ टक्के. म्हणजे आठपट फरक. हा आकडा जपून वाचावा लागतो. यात अविवाहितही आहेत, त्यामुळे याला थेट 'विवाहबाह्य' म्हणता येत नाही. शिवाय घरी आलेल्या परक्या माणसाला अशा प्रश्नाचं खरं उत्तर किती जण देतील? यातही पुरुष आणि स्त्री सारखे नाहीत. पुरुषाने 'हो' म्हटलं तर त्याचं फारसं काही बिघडत नाही. बाईने 'हो' म्हटलं तर तिचं घर जाऊ शकतं. म्हणून त्या आठपटीत काही भाग वागण्यातल्या फरकाचा आहे, तर काही भाग बोलण्याच्या मुभेतल्या फरकाचा. मला तर ही मुभाच या सगळ्या विषयाचं मूळ वाटते.

मुभा दिसते ती भाषेत. बाहेर गुंतलेल्या पुरुषासाठी मराठीत किती शब्द आहेत बघा: रंगेल, शौकीन, छंदीफंदी, बाहेरख्याली. पहिले दोन तर हसत हसत, जवळजवळ कौतुकानेच वापरले जातात. त्याच्या संबंधाला 'लफडं' म्हणतात, 'भानगड' म्हणतात. म्हणजे एक कटकट, जी निस्तरता येते. बाईच्या बाबतीत मात्र वागण्याला नाव मिळत नाही, तिला स्वतःलाच नाव पडतं, आणि ते शब्द मी इथे लिहिणार नाही. ज्या बाईला पुरुषाने बाहेर ठेवलं तिला जुन्या मराठीत 'अंगवस्त्र' म्हणत. अंगवस्त्र म्हणजे उपरणं. खांद्यावर टाकायचं, मिरवायचं, घरी आल्यावर खुंटीला अडकवायचं. ज्याच्याकडे पैसा आहे, जमीन आहे, त्याच्याकडे अंगवस्त्र असणं ही एके काळी लपवायची गोष्ट नव्हती. पेशवाईतल्या सरदारांच्या घरी 'नाटकशाळा', म्हणजे ठेवलेल्या बायका, असत; त्यांचे खर्च दप्तरांत लिहिलेले आहेत.

हा अन्याय कुणाला दिसलाच नाही असं नाही. १८६३ मध्ये जोतिराव आणि सावित्रीबाई फुल्यांनी पुण्यात बालहत्या प्रतिबंधक गृह काढलं. विधवांना गुपचूप बाळंत होता यावं आणि जन्मलेल्या बाळाचा जीव वाचावा, यासाठी. त्या विधवांना दिवस कुणापासून गेले होते? पुष्कळदा घरातल्याच किंवा नात्यातल्याच पुरुषापासून, आणि त्यातले अनेक संसारी. तो पुरुष दुसऱ्या दिवशी पंगतीला बसायचा, आणि तिच्यापुढे विहीर नाहीतर केशवपन. १८८२ मध्ये बुलढाण्याच्या ताराबाई शिंद्यांनी 'स्त्री-पुरुष तुलना' लिहिलं, तेही अशाच एका विधवेच्या खटल्यावरून पेटून. ज्या दोषांसाठी बायकांना धारेवर धरता ते दोष पुरुषांत नाहीत का, हा त्यांचा प्रश्न. त्याला एकशे चाळीस वर्षं होऊन गेली.

आता लग्न कसं जुळतं ते पाहू, कारण पुष्कळ गुंते बोहल्यावरच सुरू होतात. २०११-१२ च्या भारतीय मानव विकास सर्वेक्षणात आंतरजातीय लग्नांचं प्रमाण शंभरात पाचच्या आसपास निघालं. म्हणजे लग्न कुणाशी करायचं याचं पहिलं उत्तर जात देते. मन मात्र जात विचारून गुंतत नाही. कॉलेजात, नोकरीत, शेजारात मुलगा एखादीत गुंततो, घरी कळतं, आई अन्नपाणी सोडते, आणि सहा महिन्यांत 'आपल्यातली' मुलगी बघून बार उडवला जातो. लग्न झालं की विसरेल, असं सगळ्यांना वाटतं. काही जण विसरतात. काही जण दोन्ही नाती चालू ठेवतात: घरच्यांनी दिलेली बायको घरात, मनानं निवडलेली बाहेर. हे कुटुंबाला अगदीच नकळत होतं असंही नाही. जातीतली सून घरात आली, नातवंडं झाली, वंशाचं काम झालं; उरलेल्याकडे कानाडोळा. ज्या मुलीशी त्याने लग्न केलं तिचंही कुठे मन असेल, हे या हिशेबात कुठे धरलेलंच नसतं. जात लग्नाभोवती कुंपण घालते आणि त्याच कुंपणात पुरुषापुरतं एक फाटक ठेवते, असं माझं स्पष्ट मत आहे.

पण सगळ्यात जास्त बोलायला हवं ते स्थलांतराबद्दल. आमच्या काकांची गोष्ट तिथली आहे, आणि कोकणातल्या हजारो घरांची.

मुंबई ही कित्येक पिढ्या पुरुषांची वस्ती होती. गेल्या शतकाच्या सुरुवातीच्या दशकांत, म्हणजे १९११ आणि १९२१ च्या जनगणनेत, मुंबईत हजार पुरुषांमागे सहाशेहून कमी बायका होत्या. या बायका गेल्या कुठे? कुठेच नाही, त्या गावीच राहिल्या. २०११ च्या जनगणनेतही रत्नागिरी जिल्ह्यात हजार पुरुषांमागे ११२२ बायका आहेत. हे दोन आकडे शेजारी ठेवले की एक मोठ्ठं एकटेपण समोर येतं. गिरणीला मजूर हवा होता, मजुराचं कुटुंब नको होतं. पगार एका माणसाच्या पोटापुरता आणि वर थोडी मनिऑर्डर. गावमंडळाच्या खोलीत वीस-पंचवीस गडी दाटीवाटीने राहायचे: पहिल्या पाळीचा उठला की रातपाळीचा त्याच जागेवर आडवा व्हायचा. बाहेर कॉमन नळ, जेवण खानावळीत. तिथे बायकोला आणायचं म्हटलं तर ठेवायचं कुठे?

अशा माणसाला वर्षातून दोनदा पंधरा-पंधरा दिवस संसार मिळतो. ताप आला तर कपाळावर हात ठेवणारं कुणी नाही. मग कुठे खानावळीतली एखादी विधवा, नवऱ्याने टाकलेली, साच्यावर काम करणारी, तितकीच एकटी. तिच्या हातची गरम भाकरी, तिच्या खोलीतली रात्रीपुरती शांतता. अशी कितीतरी बिऱ्हाडं वासनेपेक्षा या साध्या भुकेतून उभी राहिली, असं मला जुन्या माणसांच्या बोलण्यातून समजलेलं आहे. काकांविषयी मला रागही येतो आणि कीवही येते, आणि दोन्ही खऱ्याच आहेत.

फक्त इथे एक गोष्ट नजरेआड होऊ देऊ नये. तेवढीच रात्र गावी काकीलाही होती. तिला सासू-सासरे, गुरं, भातशेती, तीन पोरं. तिच्या अंगात ताप असला तरी लावणी थांबत नव्हती. पुरुषाचं एकटेपण ही समाजाच्या लेखी भूक ठरते, तिला अन्न मिळालंच पाहिजे. बाईचं एकटेपण हे कर्तव्य ठरतं. परिस्थिती दोघांना सारखी तोडते, वाट मात्र एकालाच मोकळी ठेवते.

आणि या सगळ्याची किंमत किती होती, ते नव्वदच्या दशकात रक्ततपासणीत दिसलं. पुण्याच्या राष्ट्रीय एड्स संशोधन संस्थेच्या संशोधकांनी १९९३ ते १९९६ दरम्यान शहरातल्या गुप्तरोग दवाखान्यांत येणाऱ्या स्त्रियांचा अभ्यास केला. वेश्याव्यवसायाशी काडीचा संबंध नसलेल्या स्त्रियांतही शंभरात तेरा-चौदा जणींना एचआयव्हीची लागण आढळली. त्यातल्या बहुतेकींचा आयुष्यात एकाच पुरुषाशी संबंध आलेला होता, स्वतःच्या नवऱ्याशी. तोवर सगळ्या सूचना 'धोक्याच्या' बायकांपासून सावध राहण्याच्या होत्या. या बायकांना धोका मंगळसूत्रातून आला होता.

संधी आणि मुभा यांच्या जोडीला तिसरी गोष्ट लागते: पकडलं गेलं तर काय होईल याचा हिशेब. हा हिशेब कायद्याने पुरुषासाठी फार स्वस्त ठेवला. भारतीय दंड संहिता १८६० ची. तिच्या कलम ४९७ मध्ये व्यभिचार हा गुन्हा होता, पाच वर्षांपर्यंत कैद. ऐकायला कडक वाटतं. पण गुन्हा नेमका कोणता, ते वाचा. परपुरुषाने एखाद्याच्या बायकोशी, त्या नवऱ्याच्या संमतीशिवाय संबंध ठेवणं, हा गुन्हा. म्हणजे नवऱ्याची संमती असेल तर गुन्हाच नाही. बाई अविवाहित असेल, विधवा असेल, तरी गुन्हा नाही. आणि ज्या पुरुषाने हे केलं त्याच्या बायकोला तक्रार करायचा अधिकारच नव्हता. विवाहित पुरुषाने भ्यायचं ते फक्त दुसऱ्या एखाद्या नवऱ्याला. आपल्या बायकोला भिण्याचं कारण कायद्याने त्याला दिलंच नाही. १९८५ मध्ये सरन्यायाधीश यशवंतराव चंद्रचूड यांच्या खंडपीठाने हे कलम वैध ठरवलं. २७ सप्टेंबर २०१८ ला पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने ते रद्द केलं, आणि त्या पीठावर त्यांचे चिरंजीव धनंजय चंद्रचूड होते. आता व्यभिचार हा फौजदारी गुन्हा नाही, घटस्फोटाचं कारण मात्र आहे. 'आता सगळं मोकळं झालं' असं तेव्हा पुष्कळ लोक म्हणाले. पुरुषाला ते आधीही मोकळंच होतं. बाईला नवऱ्याच्या मालकीची वस्तू मानणं कायद्यातून गेलं, ही त्यातली खरी गोष्ट.

दुसऱ्या लग्नाचंही असंच. मुंबई प्रांतात हिंदूंना दुसरी बायको करण्याची बंदी १९४६ मध्ये आली, देशभर १९५५ च्या हिंदू विवाह कायद्याने. मग भाऊराव लोखंडे यांचा खटला सर्वोच्च न्यायालयात गेला, महाराष्ट्रातलाच, निकाल १९६५ चा. पहिली बायको असताना गांधर्व पद्धतीने दुसरं लग्न केल्याचा आरोप होता. न्यायालयाने म्हटलं, होम आणि सप्तपदी हे आवश्यक विधी झाल्याचं सिद्ध नाही, तेव्हा कायद्याच्या दृष्टीने हे लग्नच झालं नाही; आणि दुसरं लग्न झालं नाही तर द्विभार्येचा गुन्हाही नाही. याचा व्यवहारातला अर्थ गावोगावी बरोबर समजला गेला. सात पावलं चालू नका, म्हणजे झालं. पहिलीला पुरावा देता येत नाही आणि दुसरीला बायको म्हणून काही मागता येत नाही. पहिलीकडे स्वतःचं उत्पन्न नसेल, माहेरी भावजय दार धरून उभी असेल, तर घटस्फोटाचा हक्क कागदावरच राहतो. ती जाऊ शकत नाही, आणि हे पुरुषाला पक्कं ठाऊक असतं.

पुरुषांच्या आपसातल्या जगाविषयीही सांगायला हवं. बाहेर गुंतलेल्या माणसाला सांभाळून घेणारे बहुतेक वेळा त्याचे मित्रच असतात. 'वहिनींचा फोन आला तर माझ्याकडेच आहे म्हणून सांग', हे वाक्य ज्यांनी कधी ऐकलं नाही असे पुरुष विरळा. अशा वेळी कुणी नाही म्हणत नाही, कारण नाही म्हणणारा 'बायल्या' ठरतो. पुणे-मुंबईच्या आसपास जमिनींना अचानक कोटींचे भाव आले, तेव्हा गळ्यातल्या साखळीसारखं आणि दारातल्या गाडीसारखं हेही ऐपत दाखवायचं साधन झालं. २००५ मध्ये राज्यात डान्सबारवर बंदी आली, तेव्हाची चर्चा आठवा: संसार उद्ध्वस्त करणाऱ्या बारबाला. नोटा उधळणाऱ्या संसारी पुरुषांबद्दल किती बोललं गेलं? उलटही घडतं. गिरणगावात भजनी मंडळं होती, माळकरी होते. माळ घातलेला माणूस खोलीत असला की रंगेल गप्पा आपोआप थांबायच्या, असं काकांचे एक खोलीभाऊ सांगत. माळकऱ्याला 'बायल्या' म्हणायची कुणाची टाप नव्हती. म्हणजे पुरुषांचा आदर कशाने मिळतो हे बदललं की पुरुषांचं वागणंही बदलतं. मग निसर्ग कुठे गेला?

घर कसं आहे यावरही बरंच ठरतं. बीडीडी चाळीतली खोली १६० चौरस फुटांची. तिच्यात आई-वडील, भाऊ, नवरा-बायको, पोरं. नवरा-बायकोनं एकमेकांशी चार वाक्यं मोकळेपणी बोलायची तर कुठे? मोठ्या घरातही फार वेगळं नव्हतं. दिवसाउजेडी नवऱ्याशी बोलणारी सून निर्लज्ज ठरायची. पहिल्या बाळंतपणाला बायको माहेरी जाते ती कित्येक महिने, परत येते ती बाळाची आई होऊन, आणि मग दोघं एकमेकांना नावानेही हाक मारत नाहीत, 'बाळूचे बाबा', 'बाळूची आई'. नातं असं कामापुरतं उरतं: फी भरली का, गॅस संपला, आईच्या गोळ्या आणल्या का. मुलग्यांना आपण बोलायला शिकवलेलंच नसतं. रडू नको, मुलगी आहेस का, हे चौथ्या वर्षी ऐकलेला माणूस चाळिसाव्या वर्षी नोकरीची भीती बायकोला सांगत नाही. तिच्यापुढे तो कर्ता पुरुष असतो. ऑफिसात शेजारी बसणारीपुढे त्याला कर्ता असावं लागत नाही, तिला तो सांगून टाकतो. गुंतण्याची सुरुवात पुष्कळदा या सांगण्यातून होते. खरं तर हेच सांगणं ऐकायला घरी बसलेली बाई वर्षानुवर्षं वाट बघत असते.

मोबाइलला दोष देणारे पुष्कळ आहेत. मला तो अर्धाच पटतो. ज्या घरात कुणालाच स्वतःची खोली नव्हती, तिथे मोबाइल ही पहिली खासगी खोली झाली, कडीकुलपासकट. तिच्यात माणूस काय नेणार ते आधीच ठरलेलं होतं. आणि त्या खोलीतही पुरुषाचं कुलूप कुणी उघडत नाही, बायकोचा फोन मात्र 'बघू जरा' म्हणून हातात घेतला जातो.

काकांचं पुढे असं झालं. १८ जानेवारी १९८२ ला गिरण्यांचा संप सुरू झाला आणि अडीच लाखांच्या आसपास कामगार घरी बसले. काका वर्षभर मुंबईत टिकले, मग छातीचा आजार घेऊन गावी आले. शेवटची सहा वर्षं काकीनं त्यांचं सगळं केलं. ती त्यांच्याशी गरजेपुरतंच बोलायची. बाराव्याला परळहून एक बाई आली होती, साधी सुती साडी, हातात नारळ. खळ्याच्या कडेला उभी राहिली. काकी बाहेर आली, तिच्या हातातला नारळ घेतला, तिला पाणी दिलं, आणि दोघी काही न बोलता थोडा वेळ पायरीवर बसल्या. काकांबरोबर तिनं चौदा वर्षं काढली होती, पण रेशनकार्डावर तिचं नाव नव्हतं आणि गिरणीच्या फंडाच्या कागदांवरही नव्हतं. दुपारच्या एसटीने ती परत गेली. आमच्या घरात सगळे तिला 'मुंबईवाली' म्हणत. तिचं नाव काय होतं, ते आईलाही माहीत नाही.